राखणदार शिंपल्या आणि मानशीचं दार



मागच्या अंकात या सदरात मुलं आणि मोबाईल यावर लिहिलं होतं. त्यावर आपल्याच मंडळातल्या दोन शिक्षिकांनी मला ऐकवलं, "मोबाईल नको हे आम्हालाही कळतं. त्याऐवजी वर्गात काय करायचं ते लिही की!" मागणी रास्त आहे. म्हणून आज उपदेश नाही, फक्त हातांनी करायच्या गोष्टी. आणि त्याही मी स्वतः मुलांसोबत केलेल्या.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. माझी नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत, पण काम करतो पेडण्यातल्या घरून. गेली दोन वर्षं बऱ्याचशा शनिवारी सकाळी तेरेखोल नदीच्या अलीकडच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत जातो. शाळेचं नाव देत नाही, कारण पेडणे-डिचोलीतल्या बहुतेक गावांत अशीच एक शाळा आहे: कौलारू इमारत, पुढे आंबा, चार इयत्ता, दोन बाई, आणि पट एकोणीस. मुक्तीनंतर बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा याच खोल्यांत मुलं मावत नव्हती असं म्हातारी माणसं सांगतात. आज एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसरीत तिसरी-चौथी बसते. पुढच्या वर्षी पट किती राहील याची बाईंना जूनपासूनच धास्ती. तेव्हा "मुलं रमली पाहिजेत" हे या शाळेसाठी गोड वाक्य नाही, शाळा टिकण्याचा प्रश्न आहे.

तेरेखोल म्हटलं की बाहेरच्यांना किल्ला आठवतो. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांनी तो १७४६ मध्ये घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा चढवला. पण आमच्या मुलांना किल्ल्यापेक्षा नदीचं कोडं जास्त आवडतं. तेरेखोल गाव गोव्याचं, पेडणे तालुक्याचं, पण नदीच्या पलीकडच्या तीरावर, रेडीला चिकटून. केरीहून फेरीबोटीने गेलात तर काही मिनिटांत पोचता. रस्त्याने जायचं तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, शिरोडा, रेडी असं महाराष्ट्रातून फिरून पुन्हा गोव्यात यायचं! नकाशा शिकवायला याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात असेल? आम्ही तो अंगणात खडूने काढतो. एक मूल गाडी, एक मूल फेरीबोट, आणि दोघांनी आपापल्या वाटेवरची पावलं मोजायची. याला दहा मिनिटं पुरतात.

आता मुख्य खेळ. याला लागतात तिसऱ्यांच्या छत्तीस शिंपल्या. आमच्याकडे त्या फुकट, कुणाच्याही परसात सुकं झाल्यावर पडलेल्या असतात. धुऊन वाळवा, एवढंच. शिंपलीला दोन बाजू असतात, पाठ आणि पोट. ठेवली तर एकतर पालथी राहते, नाहीतर उताणी.

एका मुलाला सांगायचं, पाच ओळींत पाच-पाच अशा पंचवीस शिंपल्या मांड, पालथ्या-उताण्या हव्या तशा. त्याने मांडल्या की आपण म्हणायचं, "हे फारच सोपं झालं, थोडं कठीण करू." आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक, प्रत्येक रांगेच्या खाली एक, आणि कोपऱ्यात एक अशा आणखी अकरा शिंपल्या लावायच्या. मग पाठ फिरवायची. मुलांपैकी कुणीतरी छत्तीसांतली कुठलीही एक शिंपली परतायची. आपण वळून बघायचं, जरा डोकं खाजवायचं, आणि नेमकी तीच उचलायची.

पहिल्यांदा केलं तेव्हा वर्ग गप्प झाला. दुसऱ्यांदा केलं तेव्हा मुलांनी मला व्हरांड्यात हाकललं आणि दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा एकाने खिडकीचा आरसा होतो का ते तपासलं. संशय आला की समजावं, डोकी चालू झाली.

गुपित असं की मी लावलेल्या अकरा शिंपल्या मनाला येईल तशा नसतात. ओळीत पालथ्या शिंपल्या मोजायच्या. सम असतील तर शेवटची उताणी ठेवायची, विषम असतील तर पालथी. म्हणजे प्रत्येक ओळीत पालथ्यांची संख्या सम झाली. उभ्या रांगांचंही तसंच. कोपऱ्यातली शिंपली खालच्या ओळीला आणि शेवटच्या रांगेला एकाच वेळी बरोबर बसते. ते आपोआप होतं, आणि का होतं हे मोठ्या मुलांना शोधायला ठेवावं. आता कुणी एक शिंपली परतली की एक ओळ आणि एक रांग विषम होते. दोन्ही जिथे छेदतात तिथे चोर.

मुलांनी या जादा शिंपल्यांना नाव दिलं 'राखणदार'. गोव्यात प्रत्येक गावाला राखणदार असतो, त्यामुळे हे नाव सुचायला वेळ लागला नाही. माझ्या धंद्यात याला पॅरिटी म्हणतात. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती म्हणजे अशाच पालथ्या-उताण्या शिंपल्यांची रांग; वाटेत एखादी परतली गेली तर कळावं म्हणून सोबत राखणदार पाठवायचा. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा असाच राखणदार आहे. आधीच्या अकरांवरून तो हिशेबाने काढलेला असतो, म्हणून क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला तर यंत्र तो नाकारतं. पुस्तकामागच्या आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा आकडाही त्याच कामाचा. चौथीतल्या मुलाला सम-विषम कळलं की एवढं सगळं कळतं. वहीत 'सम संख्यांना गोल करा' हा प्रश्न सोडवताना जांभया देणारी मुलं इथे अर्धा तास सम-विषम मोजत होती.

पण मला सांगायचं आहे ते यापुढचं. गुपित फुटल्यावर तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "आनी दोन परतल्यार?"

मी म्हटलं, परतून बघ. तिने दोन परतल्या. दोन ओळी विषम, दोन रांगा विषम, आणि छेद चार! चोर दोन, पण संशयित चार. मग तिने एकाच ओळीतल्या दोन परतल्या, तर ओळ साळसूदपणे सम राहिली, फक्त दोन रांगा बोलल्या. मग एका मुलाने चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या चार परतल्या, आणि सगळे राखणदार ढिम्म! काहीच झालं नाही असं दाखवत बसले. मुलांना केवढा आनंद. मोठ्यांची जादू मोडायला मिळणं हा लहानपणीचा मोठा मान असतो. इंजिनिअरिंगच्या वर्गात हाच मुद्दा फळ्यावर सूत्रांनी शिकवतात, आणि आम्ही तो परीक्षेपुरता पाठ करतो. इथे तो एका मुलीच्या खोडीतून निघाला. तिने विचारलं नसतं तर मीही तो सांगणार नव्हतो, कारण तिसरीसाठी तो अवघड आहे असा माझा समज होता.

कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर शिकवायचे असे खेळ न्यूझीलंडमधल्या काही प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात गोळा करायला घेतले, आणि ही जादू त्यांच्याच पोतडीतली. तिथे पत्ते वापरतात. शिंपल्या आमच्या. गोवा सरकारने २०२१ मध्ये शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची योजना आणली, ती चांगलीच आहे. मीच त्या धंद्यातला, नाही कसं म्हणू! पण ती मोठ्या वर्गांसाठी. त्याआधीची चार-पाच वर्षं मुलांनी नुसती वाट बघायची का?

साध्या वस्तूंची ही वाट आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मॉन्टेसरीची सुबक लाकडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, दगड, बिया, पानं घेतली आणि त्यांवर मोजणं, वर्गवारी, रंग, आकार सगळं बसवलं. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी चाललं. म्हणजे शिंपल्यांवर माझा काहीच हक्क नाही, त्या ताराबाईंच्या.

दुसरं नाव अरविंद गुप्ता यांचं. हा माणूस आमच्याच जातकुळीचा, म्हणजे इंजिनिअर! आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्याला टेल्कोत लागलेला. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञान करून शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले. तिथल्या आठवडी बाजारात फिरताना त्यांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली, आणि त्यातून काड्यांचे त्रिकोण-चौकोन जोडायची युक्ती निघाली. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या काड्यांचा प्रयोग आमच्याकडे थोडा बदलून होतो. व्हॉल्व्हची ती नळी आता दुकानात सहज मिळत नाही. त्याऐवजी रात्री भिजत घातलेले वाटाणे आणि नारळाच्या झावळीचे हीर. हिराचे बोटभर तुकडे वाटाण्यात टोचायचे. चौकोन करा, दाबा, तो कलतो. त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चौकोनात एक तिरका हीर घाला, तोही हलायचा थांबतो. मग मुलांना मान वर करायला सांगायची. छपराची कैची दिसते, आणि तीत नुसते त्रिकोण! वाटाणे दुसऱ्या दिवशी वाळून घट्ट होतात आणि सांगाडा टिकतो. उरलेल्यांची उसळ.

फेरीबोटीचा प्रयोग तर कुठेही होईल. मळलेल्या मातीचा लिंबाएवढा गोळा पाण्यात टाकला की बुडतो. त्याच गोळ्याची पातळ वाटी केली की तरंगते. आता वाटीत चिंचोके भरत जायचं, कुणाची बोट बुडण्याआधी जास्त घेते? आमच्या मुलांनी रोज लोखंडी फेरीबोट बघितलेली, गाड्या चढताना ती किती खाली बसते हेही त्यांना ठाऊक, त्यामुळे चर्चा लगेच "ड्रायव्हर गाड्या मधोमध का लावून घेतो" इथे पोचते. एका कडेला सगळे चिंचोके टाकून बघितलं की उत्तर मिळतं.

यातच खाऱ्या-गोड्याचा धागा आहे. एका ग्लासात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात मूठभर मीठ विरघळवलेलं पाणी, दोन्हीत ताजं अंडं सोडायचं. विहिरीत बुडतं, मिठात तरंगतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. म्हणजे सपाट बुडाची बोट समुद्रात एक मीटर बुडत असेल तर गोड्या पाण्यात साधारण अडीच सेंटीमीटर जास्त बुडेल. पावसाळ्यात तेरेखोल डोंगरातलं पाणी घेऊन फुगते तेव्हा मुखाजवळचं पाणीही कमी खारट होतं. मग आपली फेरीबोट मे महिन्यात वर आणि जुलैत थोडी खाली असेल का? हा प्रश्न मुलांचा, आणि त्याचं उत्तर आम्ही अजून मोजलेलं नाही. धक्क्यावरून दिसेल अशी रंगाची खूण बोटीवर आधीपासूनच असते, असं एकाचं म्हणणं आहे. बघू.

आता मानस. पेडण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. नदीकाठच्या खोलगट खारजमिनीला आम्ही खाजन म्हणतो. तिच्याभोवती मातीचा बांध, आणि बांधात लाकडी दारांची मोरी, ती मानस. नदीला भरती आली की खारं पाणी आत शिरू बघतं, तेव्हा मानशीची दारं आपोआप मिटतात. ओहोटीला शेतातलं पाणी वर राहतं, ते दारं ढकलून बाहेर जातं. ना मोटर, ना माणूस, ना वीज. पाण्याचाच जोर पाण्याला अडवतो. मानशीपाशी मासळी गोळा होते म्हणून तिथे मासे धरायच्या हक्काचा लिलावही होतो. शतकानुशतकं चालत आलेली ही यंत्रणा आमच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मी शिकलो नाही. मानशीच्या कठड्यावर बसून मासे धरले, एवढीच तिची ओळख.

वर्गातली मानस अशी: आईस्क्रीमचा मोठा चौकोनी डबा. मधोमध चिकणमातीची भिंत, तीत आगपेटीएवढी खिडकी. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा खिडकीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापून तो वरच्या कडेने मातीत रोवायचा, म्हणजे खाली मोकळा लोंबतो. डब्याची एक बाजू नदी, दुसरी शेत. नदीच्या बाजूला मगाने पाणी ओतायचं, ती भरती. स्पंजने टिपून घ्यायचं, ती ओहोटी. नदीच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली की आत किती शिरलं ते दिसतं.

चार गट होते. दार भिंतीच्या कुठल्या बाजूला लावायचं हे बाईंनी आणि मी सांगितलं नाही. तीन गटांनी नदीच्या बाजूला लावलं, एका गटाने शेताच्या. भरती आली. तिघांची दारं भिंतीला चिकटली, थोडं झिरपलं तेवढंच. चौथ्यांचं दार मात्र आनंदाने आत उघडलं आणि शेत पिवळं झालं. मग ओहोटी केली, तर आतलं पाणी बाहेर पडू बघतंय आणि दार खिडकीवर घट्ट बसलंय! खारं पाणी आत कोंडलं. एकाच डब्यात दोन्ही संकटं.

त्या गटातला एक मुलगा डब्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आमच्या शेतात असंच झालं. त्याच्या आजोबांच्या खाजनात मानशीच्या फळ्या कुजून पाणी शिरलं होतं, आणि त्यानंतर ते कसलेलं नाही. एकदा खारं पाणी साचून राहिलं की पुढच्या पावसांनी मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे नेहमीचं भात नीट होत नाही; खारं सोसणाऱ्या कोरगुटसारख्या भातालाही सोसण्याची हद्द असते. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाईंनी, ज्या इतका वेळ मागे उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "फळ्या कोण बदलतो?" यावर एकोणीस मुलांची एकोणीस उत्तरं. पंचायत, कूळ, कम्युनिदाद, सरकार, आजोबा, कुणीच नाही. घरी विचारून यायचं ठरलं. सोमवारी मुलं जे विचारून आली त्यावर बाईंनी परिसर अभ्यासाचे तीन तास घेतले. मी नव्हतो, आणि माझी गरजही नव्हती.

याच मुलाबद्दल आणखी थोडं. वाचन अडखळत, लिहायचं म्हटलं की पोट दुखणार. प्रयोगानंतर गटाने काय झालं ते कागदावर लिहून भिंतीला लावायचं असा आमचा रिवाज. गटातल्या हुशार मुलीने लिहिलं, 'दार उलटं बसल्यामुळे प्रयोग फसला.' हा गडी तापला. फसला कसा? दार उलटं बसलं तर काय होतं ते फक्त आमच्याच डब्यात दिसलं! तिने बदलायला नकार दिला तेव्हा त्याने स्वतः पेन्सिल घेतली आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाची वाताहत आहे. कागद अजून भिंतीवर आहे.

भरतीचा एक हिशेबही करून बघण्यासारखा आहे. कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पाऊणकीचा पाढा आता कुणी म्हणत नाही, पण इथे तो कामाला येतो. धक्क्याजवळ हातभर अंतरांच्या खुणा केलेली काठी रोवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी कुठल्या खुणेवर ते लिहायचं. ठोकताळा तुमच्या खाडीत किती पुढे-मागे पडतो ते काठी सांगते. मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न: तीस तिथींत भरती पूर्ण चोवीस तास मागे सरकते, म्हणजे एका तिथीला १४४० भागिले ३०, अठ्ठेचाळीस मिनिटं. ठोकताळा पंचेचाळीस धरतो. तीन मिनिटांची सूट जुन्या लोकांनी का दिली असेल? तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून, असं माझं मत. काठी रोवायला आणि आकडे बघायला मोठं माणूस हवंच. पाण्याजवळ मुलं सोडून फोटो काढत बसू नये.

पाचवीच्या पुढच्यांसाठी नदीची रुंदी. पलीकडच्या तीरावरचं एखादं झाड नेमून त्याच्या बरोबर समोर उभं राहायचं. काटकोनात वळून काठाने शंभर पावलं, तिथे काठी. त्याच रेषेत आणखी वीस पावलं. आता नदीकडे पाठ करून सरळ आत चालायचं, मागे बघत बघत, काठी आणि पलीकडचं झाड एका ओळीत दिसेपर्यंत. जेवढी पावलं आत आलात त्याच्या पाचपट नदीची रुंदी. तीन गटांचे तीन आकडे येतात, आणि खरा तास तिथून पुढे सुरू होतो, कारण कुणाचं पाऊल केवढं यावर वाद होतो. फोनवरचा नकाशा शेवटी दाखवावा. आधी दाखवलात तर कुणी चालणार नाही.

आता थोडी नावड. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी खायच्या सोड्याचा ज्वालामुखी असतो. फेस येतो, टाळ्या पडतात. मुलाने त्यात काय केलं? व्हिनेगर ओतलं. काय ठरवलं? काही नाही. त्याला विचारा, सोडा दुप्पट केला तर फेस दुप्पट येईल का, तो पालकांकडे बघतो, कारण ज्वालामुखी पालकांनी केलेला असतो. माझी दुसरी नावड कपाटातल्या किटची. अनेक शाळांत ती येतात, छान असतात, आणि सुटा भाग हरवला तर हिशेब कोण देणार म्हणून कुलपात राहतात. शिंपली हरवली तर कुणी विचारत नाही.

आणि एक गोष्ट बाईंकडून शिकलो. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहायचा आणि पाटी पालथी ठेवायची. बुडेल की तरंगेल, किती चिंचोके, कुठली भरती. नुसतं तोंडी विचारलं तर पहिल्या बाकावरचा जे बोलतो तेच सगळे बोलतात. पाटीवर लिहिलं की प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागतं, आणि मग अंडं बुडतं की नाही हे बघायला शेवटचा बाकही उभा राहतो. चार इयत्ता एका खोलीत असल्या तरी हे चालतं: पहिलीवाला चिंचोके मोजतो, चौथीवाला सरासरी काढतो.

एका पालकांनी मला धक्क्यावर गाठून विचारलं होतं, "हे खेळ पेपरात येतात काय?" त्यांचा मुलगा यंदा चौथीत, आणि पुढे त्याला म्हापशाच्या इंग्रजी शाळेत घालायचा विचार चालू आहे. मी खरं ते सांगितलं की नाही येत. शिंपल्यांवर प्रश्न कुठल्याच पेपरात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, हेही सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि होऊ नये. मुलाच्या भवितव्याची काळजी असलेल्या माणसाला धोरणाचा परिच्छेद वाचून दाखवणं बरं नव्हे. मी त्यांना एवढंच म्हटलं, एका शनिवारी येऊन बसा. ते आले, मागच्या बाकावर बसले, अंड्याच्या वेळी त्यांनीही पाटीवर अंदाज लिहिला. तो चुकला. मुलगा कुठल्या शाळेत जाणार ते अजून ठरलेलं नाही.

पुण्या-बेंगळुरूच्या किंवा परदेशातल्या वाचकांनी तिसऱ्या शोधत फिरू नये. बाटल्यांची छत्तीस झाकणं पुरतात, दोन बाजू वेगळ्या दिसल्या की झालं. मुलांसमोर जादू करण्याआधी एकट्याने दोन-तीनदा करून बघा. मोजणी सावकाश चालेल, पण ओठ हलता कामा नयेत, मुलांचं लक्ष तिथेच असतं. दोन परतल्या तरी नेमके चोर सापडतील अशी मांडणी करता येते का, यावर आमची तिसरीतली मुलगी सध्या काम करते आहे. तिने राखणदारांवर आणखी राखणदार नेमायला सुरुवात केली असून तिला शिंपल्या कमी पडताहेत.